आतड्यातील जिवाणूंची घरपोच तपासणी आणि तिचा ‘हृदय-निर्देशांक’: दोन नमुन्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली त्याला गेल्या दिवाळीत दोन वर्षे पूर्ण झाली. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पोटाला त्रास होऊ नये म्हणून पँटोप्राझोल अशा गोळ्या नियमाने चालू आहेत. मुलगा बंगळुरूला असतो. आतड्यातील जिवाणूंचा हृदयाशी संबंध असतो हे त्याच्या वाचनात आले आणि त्याने आम्हा दोघांसाठी घरपोच तपासणीचा जोडसंच मागवला. किंमत १४,९०० रुपये. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात छत्तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे विषयाची ओढ होतीच. माझा नमुना देण्याऐवजी दोन्ही संच यजमानांसाठीच वापरायचे, मध्ये सोळा दिवसांचे अंतर ठेवायचे आणि दोन अहवाल किती जुळतात ते पाहायचे, असे मी ठरवले. कंपनीचे नाव देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते अशी सेवा विकत घेण्यापूर्वी काय विचारावे याबद्दल आहे.

आधी चांगले ते सांगते. नमुना घेण्याची सोय विचारपूर्वक केलेली आहे. कमोडवर चिकटवायची कागदी झोळी, हातमोजे, झाकणालाच आतून छोटा चमचा जोडलेली नळी आणि नळीत नमुना टिकवणारा द्रव, असे सगळे एका डब्यात येते. वाटाण्याएवढा नमुना घेऊन नळी बंद करायची आणि द्रव एकजीव होईपर्यंत हलवायची, एवढेच काम आहे. त्या द्रवामुळे जिवाणूंची वाढ थांबते आणि नमुना शीतपेटीत ठेवावा लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या, वाकायला त्रास होणाऱ्या माणसालाही हे जमते. सूचनापत्रक मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. पुण्यात हजारो ज्येष्ठ नागरिकांना ही सेवा विकायची असेल, तर चार ओळी मराठीत छापणे अवघड नाही. कुरिअरचा माणूस सांगितलेल्या वेळेला आला आणि अहवाल चोविसाव्या दिवशी मिळाला.

अहवाल एकतीस पानांचा होता. पहिल्याच पानावर अर्धवर्तुळाकार तबकडी, तिच्यात लाल, पिवळा आणि हिरवा पट्टा, आणि लाल पट्ट्यात काटा: ‘हृदय-निर्देशांक १०० पैकी ४३’. यजमानांनी तो मोबाईलवर माझ्याआधीच उघडला होता. रात्री साडेअकराला ते उठून बसले आणि म्हणाले, “अगं, म्हणजे पुन्हा अ‍ॅटॅक येणार का?” दुसऱ्या दिवशीपासून मी हा अहवाल ओळीने वाचायला घेतला, आणि पुढचे सगळे लिहिणे त्या एका प्रश्नासाठी आहे.

विषयात तथ्य नाही, असे अजिबात नाही, आणि अहवालाचा पाया नेमका कशावर आहे हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले, की अंड्याच्या बलकात आणि मांसात भरपूर असणाऱ्या लेसिथिनमधील कोलीन हा घटक आतड्यातील काही जिवाणू फोडतात आणि त्यातून ट्रायमिथाइलअमाइन (टीएमए) नावाचा वायू तयार होतो. तो रक्तावाटे यकृतात जातो, तिथले एफएमओ-३ हे विकर (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन जोडते आणि ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड, म्हणजेच सध्या सर्वत्र चर्चेत असलेले टीएमएओ, तयार होते. २०१३ मध्ये याच गटाने तांबड्या मांसातील कार्निटीनची वाटही अशीच जाते हे दाखवले. त्याच वर्षी कोरोनरी अँजिओग्राफी झालेल्या ४,००७ रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तात टीएमएओ सर्वांत जास्त असलेल्या चौथाई रुग्णांमध्ये मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचा धोका सर्वांत कमी असलेल्या चौथाईच्या तुलनेत सुमारे अडीच पट आढळला. पुढे २०१६ मध्ये हे रसायन बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, अधिक चिकट करते असेही दिसून आले. स्टेंट बसवलेल्या माणसाच्या घरात ही माहिती काळजी वाढवणारीच आहे, आणि म्हणूनच ती अर्धवट देऊन चालत नाही.

अहवालात टीएमएओचे प्रकरण चार पानांचे आहे. त्यात ‘टीएमए-निर्मिती क्षमता: उच्च’ असे लाल अक्षरात लिहिलेले होते. ही क्षमता कशी मोजली, हे शेवटून दुसऱ्या पानावर बारीक टाइपात होते: ‘१६-एस आरआरएनए’ पद्धतीने. या पद्धतीत जिवाणूंच्या एकाच जनुकाचा तुकडा वाचला जातो आणि त्यावरून जिवाणू कोणत्या कुळातला आहे हे ओळखतात. एखाद्या सोसायटीच्या दारावरच्या पाट्या वाचून आत राहणाऱ्यांची आडनावे कळावीत, तसे हे काम आहे. आडनाव जोशी असले म्हणजे त्या घरात कोण डॉक्टर आहे आणि कोण गवंडी, हे पाटीवरून कळत नाही. कोलीन फोडण्यासाठी जिवाणूकडे ‘कट-सी’ नावाचे जनुक असावे लागते, आणि एकाच जातीच्या काही वाणांत ते असते, काहींत नसते. त्यामुळे नावांच्या यादीवरून ‘क्षमता उच्च’ म्हणणे हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. तो अंदाज आहे असे अहवालाच्या त्या चार पानांत कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

हा मुद्दा शाब्दिक कीस काढण्याचा नाही, हे हृदयरोगाच्याच एका जुन्या औषधावरून दिसते. डिगॉक्सिन हे औषध एगरथेला लेंटा नावाच्या आतड्यातील जिवाणूमुळे काही रुग्णांत निकामी होते, ही गोष्ट संशोधकांना १९८०च्या दशकापासून माहीत आहे. पण ज्यांच्या आतड्यात हा जिवाणू आहे त्या सगळ्यांच्या बाबतीत तसे होत नाही. २०१३ मध्ये उलगडा झाला: या जातीच्या ज्या वाणांत एक विशिष्ट जनुकसमूह असतो तेच डिगॉक्सिन मोडतात, बाकीचे त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे नाव तेच, करणी निराळी. शिवाय टीएमएओच्या बाबतीत जिवाणूंच्या पुढेही दोन टप्पे आहेत. यकृतातील विकराचा जोर माणसागणिक वेगळा असतो आणि तयार झालेले टीएमएओ मूत्रपिंडे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे मंदावली की आहार तोच राहूनही रक्तातील पातळी चढते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातील आकडा, न विचारता टीएमएओबद्दल बोलणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. कंपनीच्या प्रश्नावलीत क्रिएटिनिनचा रकानाच नव्हता.

प्रश्नावलीबद्दल आणखी सांगायला हवे. गेल्या तीन महिन्यांत प्रतिजैविके घेतली का, एवढा एकच प्रश्न औषधांविषयी होता. मेटफॉर्मिनने आतड्यातील जिवाणूंचे प्रमाण बदलते हे संशोधनातून पक्के झालेले आहे. पँटोप्राझोलच्या जातीच्या औषधांनी जठरातील आम्ल कमी होते आणि एरवी तिथे मरून जाणारे तोंडातील जिवाणू खाली आतड्यापर्यंत पोहोचतात. यजमानांच्या अहवालात ‘स्ट्रेप्टोकॉकस वाढलेला, असंतुलन’ असा शेरा होता, आणि हा वाढता स्ट्रेप्टोकॉकस त्या आम्लरोधक गोळीचा ओळखीचा ठसा आहे. गोळी विचारली असती तर शेरा वेगळा लिहिता आला असता. आमच्यासारख्या घरात हा शेरा वाचून कोणी ती गोळी परस्पर बंद केली, तर अ‍ॅस्पिरिनमुळे जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. यजमानांनी तसे विचारलेही होते. मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही असे बजावले.

दुसरा शेरा प्रेव्होटेला या जिवाणूबद्दल होता: ‘संदर्भ-मर्यादेपेक्षा जास्त’, पिवळ्या रंगात. संदर्भ कोणाचा, असे मी ई-मेलने विचारले. ‘जागतिक डेटाबेस’ असे उत्तर आले. भारतीयांच्या आतड्यांवरचे काम उपलब्ध नाही असे नाही. भोपाळच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मध्य भारतातील, प्रामुख्याने धान्य-भाजीपाला खाणाऱ्या लोकांत प्रेव्होटेलाचे प्राबल्य ठळकपणे दिसले. आमच्या पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने २०१२ मध्ये एकत्र कुटुंबांचा एक सुंदर अभ्यास केला होता, ज्यात एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यातील जिवाणू वयानुसार कसे बदलतात ते पाहिले गेले. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच ताटातले जेवतात ही आपल्याकडची परिस्थिती संशोधनाच्या कामी आणण्याची ती कल्पना मला आजही मोलाची वाटते. मग ज्वारीची भाकरी खाऊन मोठ्या झालेल्या माणसाचे आतडे परदेशी मापाने मोजून त्याला पिवळा शेरा का द्यावा?

आता दुसऱ्या नमुन्याविषयी. पहिला नमुना गौरी-गणपतीच्या आठवड्यात दिला होता, जेव्हा घरात मोदक, पुरणपोळी आणि सोळा भाज्यांची भाजी असते, रोजचे जेवण नसते. दुसरा सोळा दिवसांनी, नेहमीच्या आहारावर. औषधे तीच होती. दुसऱ्या अहवालात निर्देशांक ५८ आला, काटा पिवळ्या पट्ट्यात, आणि ‘टीएमए-निर्मिती क्षमता’ उच्चवरून मध्यमवर उतरली. यात आश्चर्य नाही. आहार बदलला की काही दिवसांतच आतड्यातील जिवाणूंचे प्रमाण बदलते, हे २०१४ मध्ये स्वयंसेवकांना पाच-पाच दिवस पूर्ण वनस्पतिजन्य आणि पूर्ण प्राणिजन्य आहार देऊन केलेल्या प्रयोगात दिसले होते. पण मग सोळा दिवसांत पंधरा गुणांनी हलणाऱ्या आकड्याला ‘हृदय-निर्देशांक’ म्हणावे का? रक्तवाहिन्यांत साचलेले थर सोळा दिवसांत बदलत नाहीत. त्या आकड्याने एका माणसाची झोप उडवली होती, आणि तोच आकडा गणपती आणि नवरात्र यांच्या मधल्या दिवसांत आपोआप सुधारला.

अहवालासोबत आहारतज्ज्ञांशी अर्ध्या तासाचे बोलणे समाविष्ट आहे, आणि या सेवेतला तो भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटला. बोलणारी मुलगी नाशिकची होती, मला काकू म्हणून बोलली, आणि न समजलेले समजल्यासारखे दाखवले नाही. “काकू, हा स्कोअर रक्तातल्या टीएमएओचा नाही, हे खरं आहे. आम्हाला तक्ता तयार मिळतो, त्यावरून आम्ही सांगतो,” असे तिने सरळ मान्य केले. तक्त्यात मात्र ब्लूबेरी, अ‍ॅव्होकॅडो, किमची आणि रात्री भिजवलेले ओट्स होते. ‘समुद्री मासे टाळावेत, टीएमएओ वाढते’ असाही एक सल्ला होता, आणि इथे मला तिला थांबवावे लागले.

माझे माहेर रत्नागिरीचे. बाजारात बांगडा ताजा आहे की शिळा, हे आई कल्ला उचलून आणि नाकाने ठरवत असे. शिळ्या मासळीचा तो ओळखीचा वास म्हणजेच ट्रायमिथाइलअमाइन. समुद्रातल्या माशांच्या शरीरात टीएमएओ मुळातच साठवलेले असते, खाऱ्या पाण्यात पेशींचा तोल राखायला त्यांना ते लागते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे टीएमए करतात आणि वास सुटतो. म्हणजे जी क्रिया यकृतात होते तिची उलटी बाजू मासळी बाजारात घडत असते. समुद्री मासे खाल्ल्यावर रक्तातील टीएमएओ वाढते हे खरे आहे, आणि तरीही आठवड्यातून एक-दोन वेळा मासे, विशेषतः बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे, खाणे हृदयासाठी चांगले मानले जाते, तसा सल्ला हृदयरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटना देतात. या विरोधातूनच टीएमएओ हे स्वतः दोषी आहे की दुसऱ्या कशाची खूण आहे, हा वाद संशोधकांत अजून चालू आहे. अशा स्थितीत कोकणातल्या माणसाच्या ताटातून बांगडा काढायला सांगणे योग्य नाही. आमच्याकडे तो तळण्याऐवजी तिरफळ घातलेल्या आमटीत आठवड्यातून दोनदा होतो आणि होत राहील.

अहवालाचा दुसरा भाग तंतूंचा आहे, आणि त्यातला मूळ सल्ला बरोबर आहे. ज्वारी, कडधान्ये, भाज्या यांतील जे तंतू आपल्याला पचत नाहीत ते मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची स्निग्धाम्ले बनतात. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराला पोसते, त्यामुळे जिवाणूंच्या आवरणातील दाहक द्रव्ये रक्तात झिरपण्याला आळा बसतो. ही आम्ले रक्तवाहिन्यांवरील आणि मूत्रपिंडातील संवेदकांवर काम करून रक्तदाबावरही परिणाम करतात असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियातील एका गटाने २०२३ मध्ये औषध न घेणाऱ्या २० उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींना अ‍ॅसिटेट आणि ब्युटिरेट जोडलेला मक्याचा विशेष स्टार्च तीन आठवडे दिला, तेव्हा त्यांचा चोवीस तासांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे सहा मिमीने उतरला. वीसच माणसे, तीनच आठवडे, पण दिशा आशेची आहे. तो स्टार्च आपल्या स्वयंपाकघरात मिळत नाही. भाकरी किंवा भात शिजवून गार झाला की त्यातील काही स्टार्च न पचणारा होतो, एवढे मात्र खरे. सकाळी ताकात कुस्करलेली शिळी भाकरी यजमान आवडीने खातात, आणि ती आता मी अपराधी भावना न ठेवता वाढते, मीठ मात्र मोजूनच घालते.

मोड आलेल्या मटकीची उसळ, लसणाची फोडणी, हिरवी केळी, ज्वारी, भाजलेले चणे हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिने ते टिपून घेतले आणि तीन दिवसांनी सुधारित तक्ता पाठवला, त्यात अ‍ॅव्होकॅडोच्या जागी खरोखरच मटकी होती. तिचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

शेवटच्या चार पानांत कंपनीच्याच प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या, कॅप्सूलची जाहिरात होती, तीन महिन्यांचा संच ४,२०० रुपयांना, ‘आपल्या अहवालानुसार सुचवलेला’ असे म्हणून. दोन्ही अहवालांत, निर्देशांक बदललेला असूनही, सुचवलेला संच एकच होता. लेबलवर जिवाणूंच्या जाती होत्या, वाणाचे क्रमांक नव्हते. एखाद्या प्रोबायोटिकने कोलेस्टेरॉल उतरल्याचे चांगले दाखले आहेत. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जातीच्या एनसीआयएमबी ३०२४२ या वाणाने २०१२ मधील चाचणीत नऊ आठवड्यांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाले, कारण हा वाण पित्तातील आम्ले सोडवतो, ती शौचावाटे जातात आणि नवी आम्ले बनवण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. पण तो परिणाम त्या वाणाचा आहे, ‘रॉयटेरी’ या नावाचा नाही. नाव छापून वाण न छापणे म्हणजे औषधाच्या बाटलीवर फक्त ‘गोळी’ असे छापण्यासारखे आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब आहेत किंवा कृत्रिम बसवल्या आहेत अशा व्यक्तींमध्ये लॅक्टोबॅसिलसमुळे हृदयाच्या आतील अस्तराला संसर्ग झाल्याच्या क्वचित, पण नोंदलेल्या घटना आहेत. ‘हृदयासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलच्या आधी ‘आपल्या झडपांचे काही ऑपरेशन झाले आहे का’ हा प्रश्न असायलाच हवा होता. तो नव्हता.

माझा स्वतःचा निष्कर्ष तज्ज्ञांच्या मतापेक्षा फार वेगळा नाही असे नंतर लक्षात आले. २०२४च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ समूहाच्या पचनविकारांच्या नियतकालिकात या तपासण्यांविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन आले, त्यात रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय परस्पर अशी तपासणी मागवण्याला त्यांनी प्रोत्साहन दिलेले नाही आणि प्रयोगशाळेने अहवालासोबत उपचारांचा सल्ला जोडू नये असेही म्हटले आहे.

पाच पैकी मी दोन तारे देते: एक नमुन्याच्या सोयीसाठी आणि वक्तशीरपणासाठी, एक त्या नाशिकच्या मुलीसाठी. संशोधनात भाग म्हणून कोणी ही तपासणी करत असेल तर अवश्य करावी. हृदयाचा धोका कळावा म्हणून करत असेल, तर त्याच पैशांत लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन आणि घरी वापरायचे चांगले रक्तदाबयंत्र एवढे सगळे होते आणि तरी पैसे उरतात. दोन्ही अहवाल मी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी ते शांतपणे चाळले, यजमानांचा रक्तदाब दोन्ही हातांवर घेतला, एलडीएलचा आकडा पाहून स्टॅटिनची मात्रा तशीच ठेवली, आणि लाल काट्याबद्दल विचारल्यावर म्हणाले, “काका, हा आकडा तुमच्या स्टेंटचा नाही. रात्री झोपा.” त्या रात्री यजमान खरोखर झोपले.

कंपनीला मी तीन गोष्टी लिहून कळवल्या: पहिल्या पानावरचे ‘हृदय-निर्देशांक’ हे शब्द काढा, औषधांचा आणि झडपांचा प्रश्न प्रश्नावलीत घाला, आणि नमुन्याची माहिती पुसण्याची सोय ग्राहकाला द्या. तिसऱ्या मागणीवर नऊ दिवसांनी उत्तर आले, की यजमानांची नोंद पुसली आहे. पहिल्या दोन मागण्यांचे उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेले नाही. आले, तर तारे वाढवण्याचा विचार मी जरूर करीन.